येडियुरप्पांची निवृत्ती: कोणी डोळे पुसले, कोणी हिशोब काढला

कर्नाटकचे चार वेळा मुख्यमंत्री झालेले बी. एस. येडियुरप्पा यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये विधानसभेत निरोपाचं भाषण केलं आणि निवडणुकीच्या राजकारणातून बाहेर पडले. दक्षिण भारतात भाजपचं पहिलं सरकार आणणारा हा नेता. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत बसून आपण त्यांचा विचार कशाला करायचा? तर आपल्यातल्या निम्म्या घरांची सोयरीक निपाणी, चिकोडी, बेळगावला आहे. तिथल्या कायद्याची झळ आपल्या खाला-फुफूच्या घरापर्यंत पोचते. दुसरं म्हणजे ऑगस्ट २०१९ चा महापूर. पंचगंगा शहरात शिरली तेव्हा आलमट्टीचं पाणी सोडा म्हणून देवेंद्र फडणवीसांनी ज्यांना फोन लावला, ते हेच. मुख्यमंत्री होऊन त्यांना जेमतेम दोन आठवडे झाले होते. विसर्ग पाच लाख क्युसेकपर्यंत वाढवला गेला.

जन्म २७ फेब्रुवारी १९४३ चा, मंड्या जिल्ह्यातल्या बुकनकेरे गावचा. पुढे शिवमोग्गा जिल्ह्यातल्या शिकारीपुरात आले, भाताच्या गिरणीत कारकुनी केली. संघाचे स्वयंसेवक, मग जनसंघ. १९८३ साली पहिल्यांदा आमदार झाले आणि त्याच मतदारसंघातून एकूण आठ वेळा निवडून आले. मधे १९९९ ला एकदा हरले. मुख्यमंत्रिपद चार वेळा मिळालं, पण पाच वर्षं एकदाही पुरी झाली नाहीत. २००७ ला आठवडाभर, २०१८ ला तीन दिवस. २००८ ची खुर्ची २०११ मध्ये बेकायदा खाणकामावरच्या लोकायुक्त अहवालानंतर गेली. तुरुंगातही जावं लागलं. २०१६ मध्ये सीबीआय न्यायालयाने निर्दोष सोडलं. शेवटची पाळी २६ जुलै २०१९ ला सुरू झाली आणि बरोबर दोन वर्षांनी, २६ जुलै २०२१ ला, रडत रडत राजीनामा दिला.

त्यांच्या जाण्याने त्यांचा लिंगायत समाज हळहळला, मठाधिपती त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सभागृहात विरोधकांनीही चांगलं बोलून निरोप दिला. दुसरीकडे ज्यांना २००८ आणि २०१९ चं ‘ऑपरेशन कमळ’ आठवत होतं, म्हणजे दुसऱ्या पक्षाचे आमदार फोडून सरकार उभं करणं, त्यांना हे कौतुक पचलं नाही. शिकारीपुराची जागा मुलासाठी, विजयेंद्रसाठी, सोडल्यावर घराणेशाहीचा आरोप झाला तो वेगळाच.

पण खरे दोन तट पडले ते मुस्लिम समाजात, आणि दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत.

एक बाजू म्हणते, माणूस मनाने कट्टर नव्हता. एप्रिल २०२० आठवा. तबलिगी जमातच्या नावाने देशभर मुसलमानांवर बोटं रोखली जात होती, भाजीवाल्याला गल्लीत येऊ देत नव्हते. तेव्हा त्यांनी टीव्हीवर बजावलं की एखाद्या घटनेसाठी सगळ्या मुसलमानांना दोष देणाऱ्यावर कारवाई करू. त्यांच्याच पक्षाचे लोक त्यांच्यावर तुटून पडले. एप्रिल २०२२ मध्ये धारवाडजवळ नुग्गीकेरीच्या हनुमान मंदिरासमोर एका मुस्लिम फळवाल्याची कलिंगडं फोडली गेली. तेव्हाही ते म्हणाले की हिंदू-मुस्लिमांनी एका आईच्या लेकरांसारखं राहावं, मुसलमानांना शांततेने, इज्जतीने जगू द्यावं. २००६-०७ मध्ये अर्थखातं त्यांच्याकडे होतं, तेव्हा गरीब घरच्या मुलींसाठी ‘भाग्यलक्ष्मी’ योजना आली, आठवीच्या मुलांना सायकली मिळाल्या. नाव-गाव-धर्म न बघता. शाळेत शिकवणारी व्यक्ती म्हणून सांगते, आठवीत सायकल नाही म्हणून किती मुलींची शाळा सुटते ते आम्ही दर जूनमध्ये बघतो. ही गोष्ट छोटी नाही.

दुसरी बाजू म्हणते, बोलणं सोडा, सही कशावर केली ते बघा. १९ डिसेंबर २०१९ ला मंगळुरूत नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात दोन मुसलमान ठार झाले. दहा-दहा लाखांची मदत जाहीर केली आणि काही दिवसांतच, चौकशी होईपर्यंत देणार नाही म्हणून थांबवली. घरात मय्यत असताना जाहीर केलेला हात मागे घेणं, हे लोक विसरत नाहीत.

मग गुरांचा कायदा. २०१० मध्ये त्यांनी आणलेलं विधेयक राष्ट्रपतींच्या मंजुरीविना पडून राहिलं. २०२० मध्ये पुन्हा आणलं, जानेवारी २०२१ ला वटहुकूम काढून लागू केलं. तेरा वर्षांवरच्या म्हशी सोडून सगळ्या गुरांच्या कत्तलीवर बंदी, तीन ते सात वर्षं कैद आणि पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड. आपल्याकडे गायीपाठोपाठ २०१५ पासून बैलाचीही बंदी आहेच, तिचा कुरेशी बिरादरीच्या धंद्यावर काय परिणाम झाला हे वेगळं सांगायला नको. म्हातारा बैल विकता न येणाऱ्या शेतकऱ्याचंही तेच दुखणं.

आणि टिपू सुलतान. भाजप सोडून २०१२ मध्ये त्यांनी स्वतःचा कर्नाटक जनता पक्ष काढला, तेव्हा टिपूसारखा फेटा बांधून, हातात तलवार घेऊन फोटो काढले होते. २०१३ ला या पक्षाला सहाच जागा मिळाल्या, पण भाजप ११० वरून ४० वर आला. पुढे स्वगृही परतले आणि जुलै २०१९ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर पहिल्याच आठवड्यात टिपू जयंतीचा सरकारी कार्यक्रम रद्द केला. टिपूच्या चित्राची किंमत जून २०२३ मध्ये आपल्या कोल्हापूरनेही मोजली. स्टेटसवरून सुरुवात झाली आणि दगड पडले ते ज्यांचा त्या स्टेटसशी संबंध नाही अशांच्या घरा-दुकानांवर. कर्नाटकात तोच फेटा मतांसाठी डोक्यावर चढला होता आणि मतांसाठीच उतरला.

मराठी माणसाशीही त्यांचं वागणं असंच दुहेरी राहिलं. नोव्हेंबर २०२० मध्ये मराठा विकास प्राधिकरणासाठी ५० कोटी जाहीर केले, त्यावर कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला. बसवकल्याणची पोटनिवडणूक तोंडावर होती, हे टीकाकारांनी तेव्हाच दाखवून दिलं. बेळगावचा विषय निघाला की मात्र एक इंचही जमीन देणार नाही, ही भाषा कायम.

मला विचाराल तर दुसऱ्या बाजूचं पारडं जड आहे. त्यांच्या शब्दाने त्या त्या वेळी रस्त्यावरचा माणूस वाचला असेल, त्याचं श्रेय द्यावं. पण शब्द त्या दिवसापुरता असतो, कायदा ते घरी गेल्यावरही चालू राहतो. तरीही पहिल्या बाजूचे लोक भोळे आहेत असं मी म्हणणार नाही. ते त्यांची तुलना नंतरच्या कारभाराशी करतात. शाळा-कॉलेजातल्या हिजाबचा आदेश फेब्रुवारी २०२२ चा, बसवराज बोम्मई सरकारचा.

निवृत्तीनंतरही नाव बातम्यांत राहिलं. मार्च २०२४ मध्ये एका अल्पवयीन मुलीच्या आईच्या तक्रारीवरून त्यांच्यावर पोक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. त्यांनी आरोप नाकारले आहेत.

निरोपाच्या भाषणानंतर महिनाभरातच बोम्मई सरकारने मुसलमानांचं ‘२ब’ गटातलं चार टक्के आरक्षण काढलं आणि दोन-दोन टक्के करून लिंगायत व वक्कलिगांना वाटलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि अंमलबजावणी थांबली. मे २०२३ च्या निवडणुकीत भाजप १०४ वरून ६६ वर आला. शिकारीपुरात २०१८ ला वडील पस्तीस हजारांनी जिंकले होते, विजयेंद्र अकरा हजारांनी निवडून आले. त्याच नोव्हेंबरात पक्षाने त्यांना प्रदेशाध्यक्ष केलं.