मनातला ‘च’

चौसाळ्यात आमच्या बचत गटांच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब संपला की खरं बोलणं सुरू होतं. आपल्या बीड जिल्ह्यात ज्यांच्या कर्त्या शेतकऱ्यानं जीव दिला अशी घरं थोडी नाहीत. त्या घरातली बाई बरेचदा एकच वाक्य धरून बसते, “माझ्यामुळंच झालं.” अशा वाक्यावर उपचार आहे, आणि त्या उपचाराला इतिहासही आहे.

अमेरिकेत अल्बर्ट एलिस नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. तरुणपणी त्यांना बायकांशी बोलायची फार भीती. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, महिनाभर बागेत जायचं आणि बाकावर एकटी बाई दिसली की बोलायचं. शंभर जणींशी बोलले. एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. (आपल्याकडं कुणी असं केलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला नको!) पण भीती गेली. टाळत राहिलं की भीती वाढते, सामोरं गेलं की ओसरते, हे त्यांना स्वतःवरून कळलं.

१९५५ पासून त्यांनी नवी उपचारपद्धती मांडली. घटनेचं दुःख होणारच, पण त्या घटनेवर आपण मनाशी जे बोलतो, त्यानं माणूस जास्त खचतो, असं त्यांचं म्हणणं. पुढं १९६० च्या दशकात एरन बेक या डॉक्टरांनीही विचार तपासायची अशीच पद्धत बसवली. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि ही विद्या मराठीत आणली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्याची संस्था काढली, तिथंही ही पद्धत रुजली.

आपल्या मराठीत हा चुकीचा विचार ओळखायला सोपा. त्यात ‘च’ असतो. माझ्यामुळंच. कधीच नाही. झालंच पाहिजे. असा ‘च’ आला की प्रश्न विचारायचे. कर्ज एकटीनं काढलं होतं का? पाऊस तिच्या हातात होता का? कापसाचा भाव तिनं ठरवला का? मग वाक्य बदलतं, “मला फार दुःख आहे, पण सगळं माझ्या हातात नव्हतं.” दुःख राहतं, स्वतःला दिलेली शिक्षा कमी होते. ‘चांगला विचार कर’ असं नुसतं सांगण्यापेक्षा हे वेगळं आहे, आणि आम्हाला तरी जास्त प्रामाणिक वाटतं.

मोठ्या आघाताचं मात्र एवढ्यावर भागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर कित्येक लोक पक्क्या घरात झोपायला धजत नव्हते, पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचे. मन त्या पहाटेतच अडकलेलं. अशा वेळी शिकलेला उपचारक त्या आठवणीकडं आणि टाळलेल्या जागेकडं माणसाला पायरी-पायरीनं नेतो. डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन आठवणींवर काम करायची एक पद्धत फ्रान्सिन शापिरो या बाईंनी १९८७ च्या सुमारास शोधली. ही कामं शिकलेल्या माणसाचीच, गटात बसून करायची नाहीत.

आपल्या हातात दुसरं आहे. घरात माणूस गेलं की भेटायला येणाऱ्या बाया विचारतात, “कसं झालं गं? सांग तरी.” तिला दहा वेळा सांगावं लागतं. आघातानंतर लगेच असं खोदून विचारू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तिला बोलावंसं वाटलं तर ऐकावं, नाहीतर भाकरी करून द्यावी, पोरं सांभाळावीत.

२०१५ मध्ये सरकारनं चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, त्यात बीडही होतं. आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करू लागल्या. २०२२ पासून टेलिमानसचा फोन आहे, १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. झोप येत नाही, जीव नकोसा वाटतो, एवढं सांगितलं तरी पुढचं ते विचारतात.