तळटीप १४ : लेखकाची ‘दोन माणसांची होंडा’

ही होंडा सीआर-एक्स. ‘दोन माणसांची’ हे वर्णन अमेरिकेपुरते खरे. जपानमध्ये ती १९८३ साली ‘बॅलेड स्पोर्ट्स सीआर-एक्स’ म्हणून आली, तेव्हा मागे आणखी एक आसन होते. पण त्यावर धडधाकट माणसाने बसणे म्हणजे शिक्षाच. १९७३ आणि १९७९ च्या तेलटंचाईने पोळलेल्या अमेरिकी गिऱ्हाइकाला इंधन वाचवणारी गाडी हवी होती, आणि तशी गाडी कंटाळवाणीच असणार हे त्याने गृहीत धरले होते. सीआर-एक्सने तो समज मोडला. वजन जेमतेम ८०० किलोच्या आसपास, पुढचे मडगार्ड प्लास्टिकचे, आणि हवा कमी अडावी म्हणून शेपटीकडे एकदम छाटलेला आकार. अमेरिकेतल्या १.३ लिटर इंजिनाच्या गाडीला महामार्गावर गॅलनला ६७ मैल, म्हणजे लिटरला सुमारे २८ किलोमीटर, असा सरकारी आकडा मिळाला होता. (मोजण्याची पद्धत पुढे कडक झाली; आजच्या आकड्यांशी त्याची सरळ तुलना करू नये.)

मजकुरातली ‘व्हीटेक’वाली गाडी मात्र दुसऱ्या पिढीतली. ते १.६ लिटरचे इंजिन १९८९ मध्ये जपानी सीआर-एक्समध्ये आले आणि १६० अश्वशक्ती देऊ लागले. अमेरिकेत ते या गाडीत कधीच विकले गेले नाही. तेव्हा लेखकाने कॅलिफोर्नियात चालवलेली गाडी साधी ‘एसआय’ असावी. १९९२ ची ‘डेल सोल’ हिची वारसदार म्हणवली जाते. छत निघते, वजन वाढते, नाते नावापुरतेच.

— संपा.