कॉलेज सोडलेल्यांची नोंद

'त्यांनी कॉलेज सोडले' हे वाक्य स्वातंत्र्यसैनिकाच्या चरित्रात वाचले की आपल्याला आदर वाटतो. नरखेडच्या एसटी स्टँडवर हेच वाक्य एखाद्या पोराबद्दल कानी पडले, तर ऐकणारा नुसते 'हं' म्हणतो आणि गाडी आली का ते पाहतो.

त्या आदराचे मूळ आमच्या नागपुरातच आहे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूर काँग्रेसने असहकाराचा ठराव पक्का केला. विद्यार्थ्यांविषयी त्यात फार बारकाईने लिहिले होते. सोळा वर्षांखालील मुलांना सरकारी शाळांतून काढण्याचे आवाहन पालकांना होते, मुलांना नव्हे. सोळा आणि त्यापुढच्यांनी मात्र, मनाला पटत नसेल तर, परिणामांची पर्वा न करता ताबडतोब बाहेर पडावे. पडून करायचे काय, हेही सांगितले होते: चळवळीचे काम, नाहीतर राष्ट्रीय संस्थेत पुढचे शिक्षण. ठराव लिहिणाऱ्यांचे हे शहाणपण मला मोलाचे वाटते. दोनच महिन्यांपूर्वी अलीगढच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्यांसाठी जामिया मिलिया उभी राहिली होती. त्यांच्यात झाकिर हुसेन होते. १९६७ साली ते राष्ट्रपती झाले.

मला जास्त जवळची वाटते ती १९३८ ची हकीकत. हैदराबाद संस्थानात, उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या कॉलेजात, 'वंदे मातरम्' म्हणायला बंदी झाली. मुलांनी संप केला आणि त्यांना काढून टाकण्यात आले. त्या गीतावरून वाद पुष्कळ झाले. मुसलमान कवीला तर त्याबद्दल हमखास विचारतात. पण त्या मुलांचा प्रश्न साधा होता. आम्ही प्रार्थना कोणती म्हणायची, हे सरकारने का ठरवावे?

मराठवाड्यातली, तेलंगणातली ही पोरे. वर्ष वाया गेलेले, घरचे चिंतेत, दुसरीकडे प्रवेश मिळेल याची खात्री नाही. अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना दार उघडून दिले. पी. व्ही. नरसिंह राव त्या मुलांपैकीच. कायद्याची पदवी त्यांनी नागपूरची घेतली, १९८४ आणि १९८९ साली आमच्याच जिल्ह्यातल्या रामटेकमधून ते खासदार झाले आणि १९९१ साली पंतप्रधान. हे सारे केदारांमुळे घडले असे मी म्हणत नाही. पण काढून टाकलेल्या मुलांना पुढे शिकता आले, त्यात त्यांच्या त्या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

आमच्या तालुक्यात कॉलेज सुटते ते संपाशिवाय आणि ठरावाशिवाय. मुलगा पहिल्या वर्षाला नाव घालतो, पावसाळाभर येतो. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली की गैरहजेरी सुरू होते. भाव पडला तर फीचे पैसे राहतात, मग परीक्षेचा फॉर्म राहतो. झाले, कॉलेज सुटले! अर्ज कुणी देत नाही. वर्ष-दोन वर्षांनी आयटीआयसाठी नाहीतर भरतीसाठी तो टीसी मागायला येतो, तेव्हा ऑफिसातल्या बाबूंना कळते की हा गेला होता.

मुलींचे आणखी वेगळे. एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत. पुढे सवलतीच्या पासालाही पैसे पडतात आणि पैशांच्याही आधी घरात विचारतात, शेवटची गाडी किती वाजता? त्यातच स्थळ येते.

३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने आमच्या तालुक्यातले मोवाड बुडाले, दोनशेच्या वर माणसे गेली. मी तेव्हा बीएला होतो. वर्गात मोवाडचा एक जण होता. तो वाचला, पण पुन्हा कॉलेजात आला नाही. काकाच्या दुकानात बसला. हजेरीत त्याचे नाव परीक्षेपर्यंत पुकारले जायचे. गैरहजर, एवढीच त्याची नोंद.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक वर्ष शिकून सोडणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि मिळवलेले श्रेयांक घेऊन परत येण्याची सोय आहे. नागपूरच्या त्या ठरावाप्रमाणे यातही बाहेर पडणाऱ्याचा विचार केलेला आहे. अट एवढीच की पहिल्या वर्षाची परीक्षा पार पडली पाहिजे. आमचा मुलगा फॉर्म भरण्याआधीच संत्र्यांच्या पेट्या मोजायला गेलेला असतो.