बुशचा इतिहास

इतिहास म्हटला की लोकांना लढाया आठवतात. मला चार्ल्स गुडइयर आठवतो. 1839 मध्ये त्याने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ केले नसते, तर वडिलांच्या पद्मिनीत बसणे आम्हाला सोसले नसते. 1964 मध्ये कुर्ल्याला निघालेली ही फियाट. 1974 मध्ये बारसे होऊन पद्मिनी झाली. मागच्या पाट्यांच्या टोकांना मात्र तेच रबरी बुश. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये रबर; एकत्र कुटुंबातल्या काकूसारखे, दोन्हीकडचे ऐकून घेणारे.

आमचे बुश तडकले. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पॉलियुरेथेनचे टाका, जन्मभर बघायला नको." कुणाच्या जन्मभर, ते तो बोलला नाही. हे पॉलियुरेथेन 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायरने शोधले. तेलाला ते दाद देत नाही. पण रस्त्यावरचा खडान्‌खडा मणक्याला कळवते आणि ग्रीस आटले की चिवचिवते. रबर मुकाट्याने झिजते.

मागच्या सीटवर अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई बसते. रबरच घेतले.

"शेवटचे नट गाडी चाकांवर उभी करून आवळा," मी म्हटले, "जॅकवर आवळलेत तर रबर पिळलेलेच राहील, लवकर फाटेल."

"बँकेत हे पण शिकवतात?" मिस्त्रीने विचारले.