गोठवलेले भ्रूण आणि इटलीचा कायदा



प्रयोगशाळेत तयार करून गोठवलेला भ्रूण हा जीव आहे का? आपल्यापैकी बहुतेकजणी ‘हो’ म्हणतील, मीही म्हणते. पण जीव मानल्यावर नियम कसे करायचे, हे सोपे नाही. इटलीचा अनुभव पाहा.

तिथे फेब्रुवारी २००४ मध्ये कायदा क्रमांक ४० आला. एका वेळी जास्तीत जास्त तीन भ्रूण तयार करायचे, सगळे एकदमच गर्भाशयात सोडायचे आणि अगदी अपवाद सोडला तर गोठवायचे नाहीत. दात्याचे बीज घ्यायलाही बंदी. हेतू भ्रूणाच्या रक्षणाचा होता.

भार मात्र बाईच्या शरीरावर पडला. गर्भ राहिला नाही तर शिल्लक काहीच नसे. पुन्हा हार्मोनची इंजेक्शने, पुन्हा बीजे काढणे. तरुण बाईला तिळे राहण्याचा धोका, म्हणजे आईचाही जीव टांगणीला आणि बाळांचाही. ज्यांना परवडे ती जोडपी परदेशी जात.

जून २००५ मध्ये सार्वमत झाले. निम्म्या मतदारांनी मत देणे आवश्यक होते. आले सुमारे २६ टक्के. चर्चच्या धुरिणांनी मतदानालाच जाऊ नका असे सांगितले होते. शेवटी २००९ मध्ये घटना न्यायालयाने स्त्रीच्या आरोग्याचा विचार करून तिनाची मर्यादा आणि एकदम सोडण्याची सक्ती रद्द केली. दात्याच्या बीजावरची बंदी २०१४ मध्ये गेली.

एक प्रश्न तरीही उरला. आदेलिना पारिल्लो यांचे पाच भ्रूण २००२ पासून गोठवलेले होते. २००३ मध्ये जोडीदार इराकमधल्या हल्ल्यात गेले. त्यांना भ्रूण संशोधनाला द्यायचे होते, पण कायदा आड आला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले की भ्रूण ही मालमत्ता नव्हे, आणि इटलीची बंदीही मान्य केली.

आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतात. नंतर ते नष्ट होऊ द्यायचे, किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचे. म्हणून उपचाराआधीच डॉक्टरांना विचारावे: किती भ्रूण तयार करणार, उरलेल्यांचे काय? अनावश्यक जीव निर्माण न करणे हा आपला यत्नाचारच आहे. आणि अहिंसेचा हिशेब मांडताना सुया सोसणारी बाईही त्यात धरावी. तीही पंचेंद्रिय जीवच आहे.