अजिंठ्याच्या जळालेल्या प्रती

अजिंठ्याची बहुतेक भित्तिचित्रे वाघूरच्या दरीत दीड हजार वर्षे टिकून राहिली. ती नष्ट होतील या भीतीने एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत त्यांच्या ज्या प्रती हाताने रंगवल्या गेल्या, त्यांतील तीन मोठे संच मात्र आगीत सापडले: दोन लंडनमध्ये, एक टोकियोत. हा धागा त्या प्रतींचा. 🧵

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा मद्रास इलाख्याच्या फौजेतील अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यातील खांबावर स्वतःचे नाव कोरून गेला. ही कथा सर्वांना पाठ आहे. तिच्यानंतर जे घडले ते अधिक महत्त्वाचे. लेणी प्रसिद्ध झाली, पाहुणे वाढले आणि आठवण म्हणून भिंतीचे तुकडे खरवडून नेण्याची चाल पडली. मुंबईच्या डॉ. बर्ड यांनी तर संग्रहालयासाठी म्हणून सतराव्या लेण्यातील भवचक्रातून काही आकृती उचकटल्या.

त्यांना दगडावरचे चित्र हवे होते. पण अजिंठ्याचे चित्र दगडावर नाहीच. खडबडीत कातळावर मातीचा गिलावा, त्यात भुसा व तंतू, त्यावर पांढरा पातळ लेप आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ही रचना आहे. ती भिंतीपासून सुटली की हातात चुराच उरतो. (म्हणूनच ओल्या चुन्यावर रंगवल्या जाणाऱ्या युरोपीय ‘फ्रेस्को’चे नाव या चित्रांना देणे तांत्रिकदृष्ट्या चूक आहे.)

भिंत हलवता येत नसेल, तर तिची प्रत न्यावी, हा विचार पुढे आला. १८४३ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील लेण्यांवर निबंध वाचला. सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीकडे आग्रह धरला आणि १८४४ मध्ये मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली.

मराठी वाचकाला गिल परिचित आहेत ते पारोमुळे, ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे आणि पुढे त्यावर निघालेल्या चित्रपटामुळे. त्या प्रेमकथेच्या सावलीत गिल यांचे काम मात्र झाकले गेले. अजिंठा गावच्या बारादरीत राहून, अंधाऱ्या आणि वटवाघळांनी भरलेल्या लेण्यांत त्यांनी १८६३ पर्यंत तैलरंगात भव्य कॅनव्हास रंगवले. ते लंडनला रवाना झाले आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीच्या उत्तर भागाला आग लागली. जवळजवळ दोन दशकांच्या श्रमांतून मोजकेच कॅनव्हास वाचले. गिल तेव्हा हयात होते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले. कबर भुसावळला आहे.

१८७२ मध्ये मुंबई सरकारने काम पुन्हा हाती घेतले. यावेळी एकटा लष्करी अधिकारी नव्हता. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी होते. पुढे पारशी जीवनाच्या चित्रांसाठी नावाजलेले पेस्तनजी बोमनजी त्यांपैकीच एक. कलेचे युरोपीय पद्धतीने शिक्षण घेणाऱ्या या तरुणांनी अजिंठ्याची रेषा वर्षानुवर्षे हाताने गिरवली. ‘ग्रिफिथ्सच्या प्रती’ हे रूढ नाव त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

१८८५ पर्यंत सुमारे ३०० कॅनव्हास सिद्ध झाले. हे कामही लंडनला गेले. त्याच १८८५ साली दक्षिण केन्सिंग्टनच्या संग्रहालयात साठवणीच्या भागाला आग लागून त्यांतील शंभराहून अधिक नष्ट झाले. एकदा जळालेल्या संचाची जागा घेण्यासाठी काढलेल्या प्रती पुन्हा त्याच शहरात एकत्र ठेवाव्यात, याला केवळ दुर्दैव म्हणता येत नाही. चित्रे निजामाच्या राज्यात, रंगवणारे मुंबईचे आणि ‘जतन’ मात्र लंडनमध्ये, अशी ती व्यवस्था होती.

प्रत काढताना मूळ चित्रालाही किंमत मोजावी लागली. फिकट रंग स्पष्ट दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या चमूने भिंतींवर व्हार्निश चढवले. ते कालांतराने पिवळे, काळपट झाले आणि रंगाचे पापुद्रे ओढू लागले. हैदराबाद संस्थानाने १९२० मध्ये चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटणारा गिलावा त्यांनी भिंतीला घट्ट बसवला खरा, पण त्यांनी वापरलेल्या लाखेच्या लेपानेही पुढे पिवळेपणा धरला. तो उतरवण्याचे काम पुरातत्त्व खात्याला अनेक वर्षे पुरले.

मग या प्रती निरर्थक ठरतात का? तसे म्हणणे उतावळेपणाचे होईल. तैलरंगाची चकाकी आणि गडद छटा मूळ मातकट पृष्ठभागाशी जुळत नाहीत. रंगाच्या बाबतीत या प्रती कच्चा पुरावा आहेत. पण कोणती आकृती कोठे होती, हाताची मुद्रा कशी होती, १८७० च्या दशकात भिंत किती शाबूत होती, यासाठी त्या अमूल्य आहेत. मूळ भिंतीवरून आज गळून गेलेले काही तपशील त्यांच्यातच उरले आहेत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या दोन्ही संचांतील मिळून १६६ कॅनव्हास आहेत. काही सुमारे सहा मीटर लांब आहेत. १९५५ नंतर ते कायमस्वरूपी प्रदर्शनात नाहीत.

तिसरा संच तैलरंगातला नव्हता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जपानी चित्रकार आराई काम्पो यांनी अजिंठ्यात प्रती काढल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या आणि १९२३ च्या महाभूकंपानंतरच्या आगीत गेल्या. याच आराईंनी उतारवयात जपानमधील होर्यूजी मंदिराच्या भित्तिचित्रांची प्रत काढण्याच्या कामात भाग घेतला. ही चित्रे अभ्यासक नेहमी अजिंठ्याशेजारी ठेवून पाहतात. १९४५ मध्ये आराई वारले, काम इतरांनी चालू ठेवले. २६ जानेवारी १९४९ रोजी तेथील सभागृहाला आग लागली. यावेळी मूळ भिंती होरपळून रंगहीन झाल्या, आणि प्रती वाचल्या.