हक्क रुग्णाचा, मोजपट्टी डॉक्टरची

रुग्णहक्क कायद्याच्या अभ्यासाकडे माणसे बहुधा तावातावाने येतात. कुणाचे रुग्णालयाच्या बिलावरून वाजलेले असते, तर कुणी स्वतः डॉक्टर असून नोटिशीने वैतागलेला असतो. दोघांचेही येथे स्वागत आहे.

पैसे घेऊन केलेले उपचार ही ग्राहक संरक्षण कायद्याखालची ‘सेवा’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात ठरवले. देवमाणसाला दुकानदारांच्या रांगेत बसवले, अशी तेव्हा अनेक डॉक्टरांची भावना झाली. पुढे केसपेपरच्या प्रती 72 तासांत देण्याचे बंधन आले. महाराष्ट्रात 2021 च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावायला लावले. ते दिसेल अशा जागी आहे का, हा भाग वेगळा!

एवढ्यावरून डॉक्टरांचा अधिकार आटला, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. समीरा कोहली खटल्याचा 2008 चा निकाल पाहा. फक्त दुर्बिणीने तपासणी करायला रुग्णाने संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईचा होकार घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकण्यात आले. जिवाला तातडीचा धोका नव्हता. रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. आईची संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. डॉक्टरचा हेतू मात्र प्रामाणिक मानला, आणि भरपाई दिली 25,000 रुपये.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो याच निकालातला दुसरा मुद्दा. संमतीपूर्वी रुग्णाला किती सांगायचे? समंजस रुग्णाला काय जाणून घ्यावेसे वाटेल, ही अमेरिकी कसोटी न्यायालयाने भारतातली परिस्थिती पाहून नाकारली. न्यायालयाच्या मते, संबंधित वैद्यकशाखेतले जाणकार डॉक्टर जेवढे सांगणे योग्य मानतात, तेवढे पुरे. म्हणजे हक्क रुग्णाचा, पण त्याचे माप डॉक्टरांच्याच हाती. ‘डॉक्टर, तुम्हीच काय ते ठरवा’ म्हणणारा रुग्ण या तडजोडीला बळ देतो, हेही खरे. तो विश्वासाने तसे म्हणतो की विचारायची सोयच नसते म्हणून, हे निकालपत्रांतून कळत नाही. त्यासाठी ओपीडीतच जाऊन बसावे लागते.

नव्या वाचकाने आधी हा निकाल वाचावा, विशेषतः इंग्लंड-अमेरिकेच्या नियमांची तुलना करणारा भाग. वकिली शिकलेली नसली तरी अडत नाही.